चोवीस तासांचा रकाना

१२ मार्च

ताई,

नमस्कार. सप्रेम वगैरे काही नाही, नुसता नमस्कार.

चौदा महिन्यांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस आणि तुझी मेल आधी तुझी सहायक वाचते, म्हणून कागदावर लिहितेय. पाकिटावर ‘खासगी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. तरीही तिने फोडलं असेल तर तिने पुढे वाचावं. आपण कोणाच्या हाताखाली काम करतो ते तिलाही कळू दे.

काल शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी पेटीवाले काका उभे होते. मी आधी ओळखलंच नाही. आपल्या प्रयोगशाळेत मधमाश्या घेऊन यायचे तेव्हा दारातूनच हाक मारायचे, आठवतं? काल हाक नाही, हसणं नाही. कपडे अंगावर नुसते लोंबत होते.

“बावन्न पेट्यांतल्या चौदा राहिल्या,” म्हणाले. कशी आहेस नाही, काही नाही.

मी विचारलं, पेट्यांसमोर मेलेल्या माश्या पडल्या होत्या का.

“सडा पडला असता तर बरं झालं असतं. निदान रोग की विष ते कळलं असतं. सकाळी बाहेर पडल्या, त्या आल्याच नाहीत. आत राणी आहे, मध आहे, मूठभर कोवळ्या माश्या आहेत. बाकी घर रिकामं.”

मग त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. फळबागांवर फवारायच्या त्या औषधाचं माहितीपत्रक. त्यात ठळक अक्षरांत: ‘मधमाश्यांच्या शिकण्यावर व स्मृतीवर कोणताही विपरीत परिणाम आढळला नाही.’ खाली आपल्या शोधनिबंधाचा दाखला आणि दोन नावं. आडनाव एकच असल्यामुळे काकांना आधी वाटलं होतं की छापणाऱ्याने एकच नाव चुकून दोनदा छापलं.

“ह्यातलं एक तुझं ना?”

“हो.”

“मग आता सांग. अकरा वर्षं माझ्या माश्या नेल्यात तुम्ही दोघींनी. कधी विचारलं नाही मी. काय करत होतात त्यांचं?”

शाळेच्या पायरीवर बसून मी त्यांना सांगितलं. माशीला बर्फावर ठेवून गार करायचं, हालचाल थांबली की एवढ्याशा नळीत बसवायचं, डोकं तेवढं बाहेर. भानावर आली की तिच्यावर लवंगेचा वास फुंकायचा आणि लगेच साखरपाण्याचा थेंब मिशीला लावायचा. थेंब लागला की ती जीभ बाहेर काढते. असं तीनदा केलं की चौथ्या वेळी नुसत्या वासालाच जीभ काढते. म्हणजे शिकली. मग एक तासाने पुन्हा नुसता वास द्यायचा आणि पुन्हा चोवीस तासांनी. जीभ काढली तर लक्षात आहे, नाही काढली तर विसरली. अर्ध्या माश्या साध्या साखरपाण्यावर ठेवायच्या. उरलेल्या अर्ध्यांच्या साखरपाण्यात औषधाचा अंश घालायचा, फवारलेल्या फुलात सापडतो तेवढाच.

“मग औषधवाल्या विसरल्या का?”

“एक तासाने नाही विसरल्या.”

“आणि चोवीस तासांनी?”

ताई, चौथीत शाळा सोडलेला माणूस. त्याने पाच मिनिटांत विचारलेला प्रश्न आपला निबंध तपासणाऱ्या तिघा विद्वानांपैकी एकालाही सुचला नाही. कसा सुचेल? निबंधात चोवीस तासांचा रकानाच नव्हता. वहीत होता, माझ्या हाताने भरलेला. साध्या साखरपाण्यावरच्या शंभरातल्या अडुसष्ट माश्यांना दुसऱ्या दिवशी वास आठवला. औषधवाल्या शंभरातल्या एकवीस जणींना. तू तो रकाना काढलास आणि शीर्षकात ‘स्मृती’ हा शब्द मात्र ठेवलास. एका तासाला स्मृती म्हणायचं? मग आमच्या शाळेतली सगळीच मुलं पंडित आहेत. घंटा होईपर्यंत सगळ्यांच्या सगळं लक्षात असतं.

त्या मीटिंगला औषध बनवणाऱ्या कंपनीचा माणूस टेबलाशी बसला होता. तू म्हणालीस, “चोवीस तासांचे आकडे वगळू,” आणि त्याने हातातला कप इतक्या हळू खाली ठेवला, जणू आवाज झाला तर तुझं मत बदलेल.

तो रकाना छाप. नियतकालिकाला दुरुस्ती पाठव. मीही सही केली होती हे मला माहीत आहे. ते तू मला कळवायची गरज नाही.

सहलेखिका क्रमांक दोन


२१ मार्च

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चौदा महिन्यांनंतर तीन ओळी. ‘काकांचं ऐकून वाईट वाटलं. आकडे का वगळले ते तुला ठाऊक आहे. तब्येत सांभाळ.’

माझी तब्येत ठणठणीत आहे. पहिली ओळ तू काकांना लिही, त्यांचा पत्ता तुझ्याकडे आहे. आणि दुसऱ्या ओळीबद्दल सांगायचं तर मला ठाऊक आहे ते एवढंच. माश्या ठेवल्या होत्या तो इन्क्युबेटर रात्रभर नीट चालू होता का, असं तू सगळ्यांसमोर विचारलंस. मी हो म्हटलं. तरीही तू आकडे वगळलेस. याहून जास्त मला काही ठाऊक नाही.

तुझी ही जुनी खोड आहे. ‘तुला ठाऊक आहे’ म्हणायचं आणि समोरच्याला रात्रंदिवस शोधत बसवायचं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तू अठरा. माझ्या वेण्या घालताना तू एक शब्द बोलायची नाहीस, फक्त केस थोडे जास्त ओढायचीस. मग मी दिवसभर आठवत बसायचे की आज आपण काय केलं. सहावीत तू माझ्यासाठी निबंध लिहून दिलास, मला न विचारता, कारण माझा ‘अगदीच बाळबोध’ होता. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. हेडबाईंनी मला तो सगळ्या शाळेपुढे वाचायला लावला आणि दुसऱ्याच वाक्यातला एक शब्द मला वाचता आला नाही. तू म्हणालीस, जाऊ दे, बक्षीस तर मिळालं ना.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. तू कुठून तरी ऐकशीलच, त्यापेक्षा मीच सांगते. काका गेल्या वर्षी पेट्या हलवायच्या आधी माझ्याकडे आले होते. फळबागवाल्यांनी त्यांना बोलावलं होतं, फुलोऱ्याच्या आधीच पेट्या आणून ठेवा, आम्ही नवं औषध मारतो पण ते माश्यांना चालतं. काकांनी मला विचारलं, “चालतं का गं? तुम्ही तपासलंय ना?”

मी म्हटलं, चालतं. छापून आलंय.

असं सरळ म्हटलं. तोंड जराही वाकडं न करता. नाही म्हटलं असतं तर ‘मग सही का केलीस’ हा प्रश्न आला असता, आणि तो मला टाळायचा होता. तेव्हा बावन्न पेट्या ट्रकमध्ये चढल्या त्या माझ्या शब्दावर चढल्या. काकांनी हे अजून बोलून दाखवलेलं नाही. फाटकाशी उभे होते तेव्हासुद्धा नाही. म्हणून मला जास्त लागलं.

पण माझा शब्द तुझ्या निबंधावर उभा होता. तेव्हा ‘वाईट वाटलं’ एवढ्यावर सुटू नकोस.


२९ मार्च

ताई,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठीसुद्धा नाही. नुसती इन्क्युबेटरच्या त्या दिवसाच्या तापमानाच्या नोंदपट्टीची छायाप्रत.

रेघ दुपारी सव्वाचारपर्यंत सरळ आहे. तिथून उतरत उतरत एकोणीस अंशांवर जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा चढते. सव्वाचारच्या जागी तू पेन्सिलीने बारीक बाण काढलाय.

ठीक आहे. दार माझ्याकडून नीट लागलं नव्हतं. मी सात वाजेपर्यंत थांबते असं तुला सांगितलं होतं आणि चारलाच निघाले. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत मुलाखत होती. तुझ्या हाताखालून सुटायचं होतं मला, आणि ते तुला सांगायचं धैर्य नव्हतं. घाईत नळ्यांचे दोन्ही ट्रे आत सरकवले, वरच्या कप्प्यात साध्या साखरपाण्यावरच्या, खालच्यात औषधवाल्या, आणि दार ढकलून पळाले. सकाळी आले तेव्हा दारात बोटभर फट होती. ती मी लावली आणि चाचणी घेतली. तुझ्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं ते खोटं होतं. थंडी खालच्या कप्प्याला जास्त लागली असणार. औषधवाल्या माश्या औषधाने विसरल्या की गारठ्याने, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. तू वगळलेस त्याला कारण होतं.

झालं समाधान?

आता माझं ऐक. ही पट्टी मीटिंगच्या आधीच तुझ्याकडे होती. तू नोंदी रोज सकाळी बघतेस, तुझा नेम आहे तो. म्हणजे मला प्रश्न विचारलास तेव्हा उत्तर तुझ्या फाइलमध्ये होतं. मी खोटं बोलले ते तू ऐकलंस, मान हलवलीस आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलीस. मला बाजूला घेऊन का नाही विचारलंस? चार कानाखाली का नाही दिल्यास? कंपनीला अहवाल द्यायला पाच आठवडे होते. चार दिवसांत तो प्रयोग पुन्हा झाला असता. मी केला नसता तर तू केला असतास, तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तू केला नाहीस. रकाना गेला, माझं खोटं झाकलं गेलं, कंपनीचा माणूस खूष झाला. एका दगडात तीन पक्षी. आणि मनात वर हेही ठेवलंस की मी बारकीला वाचवलं.

मला वाचवायला कोणी सांगितलं होतं तुला?

त्या मुलाखतीत मी निवडले गेले होते, हे तुला माहीत नाही. गेले नाही. सही केलेला हात घेऊन दुसऱ्या प्रयोगशाळेत जायची लाज वाटली. म्हणून शाळेत आले. इथे निदान बेडकाचं चित्र काढायचं असतं आणि ते बरोबर की चूक हे सगळ्यांना दिसतं.


१८ एप्रिल

ताई,

काकांना सगळं सांगितलं. दार, खोटं, रकाना, सही. त्यांच्या शेडमध्ये उभी राहून सांगितलं, कारण बस असं त्यांनी म्हटलं नाही.

ते ऐकत असताना एका रिकाम्या पेटीच्या चौकटी खरवडत होते. माझं बोलून झालं तरी खरवडत राहिले. काकू चहा घेऊन आल्या, दोघांची तोंडं बघून तशाच परत गेल्या.

शेवटी काका म्हणाले, “तुला मी पोरीसारखं मानलं, असं काही म्हणणार नाही. तसलं बोलायची मला सवय नाही. पण तू म्हणालीस चालतं, म्हणून मी ट्रक सांगितला.”

“हो.”

“माझ्या भावाने नको म्हटलं होतं. त्याला मी वेड्यात काढलं. म्हटलं, आपल्या ओळखीच्या पोरींनी तपासलंय.”

यावर काय बोलायचं, ताई? तू सांग. तुझ्याकडे तीन ओळी तयार असतात.

मी म्हटलं, मला तो प्रयोग पुन्हा करायचाय, नीट. आणि त्यासाठी माश्या लागतील.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “चौदा उरल्यात माझ्याकडे. त्यातल्या मागतेस?”

“सव्वाशे माश्या. पेट्यांतल्या नाही, दारातून बाहेर पडणाऱ्या, म्हाताऱ्या. राणीला, पिल्लांना धक्का लागणार नाही.”

ते बाहेर गेले. मी निघाले. दोन दिवस काही निरोप नाही. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. “ते म्हणतात, ये. पण म्हणतात, यावेळी आकडे आम्ही लिहिणार.”

तर तसं ठरलंय. शाळेला सुट्टी लागली की सुरू करतेय. तुझ्या प्रयोगशाळेतलं काही मागणार नाही. शीतपेयाच्या नळ्या कापून घेतल्यात, लवंगेचं तेल औषधाच्या दुकानातून आणलं, वास फुंकायला साधी सिरिंज. काकूंकडे कोंबडीची पिल्लं उबवायची जुनी पेटी आहे, आत बल्ब आणि तापमापक. त्या पेटीचं दार कडी लावून बंद होतं. मी तीनदा तपासलं, काकूंनी चौथ्यांदा. औषध फळबागवाल्यानेच दिलं, उरलेल्या बाटलीतलं. त्यालाही जाणून घ्यायचंय. फळं या वर्षी निम्मीच धरलीत.

कोणत्या माश्यांना औषध दिलं हे मला कळणार नाही, अशी सोय केलीय. साखरपाण्याच्या दोन बाटल्या काकूंनी भरायच्या, एकीला लाल दोरा, एकीला निळा. कोणता कशाचा ते त्या कागदावर लिहून स्वतःजवळ ठेवणार. मला नाही, काकांनाही नाही. काकू म्हणाल्या, “म्हणजे तुमच्या दोघांवरही विश्वास ठेवायचा नाही?” मी म्हटलं, अगदी बरोबर. त्यांना ते फार आवडलं.


९ मे

ताई,

आकडे सोबतच्या पानावर देतेय. काकांच्या अक्षरात आहेत, त्यामुळे सातचा आणि नऊचा घोळ करू नकोस, त्यांचा सात पोट काढतो.

चार दिवस लागले. पहिल्या दिवशी माझ्या हाताची सवय मोडली होती आणि सहा माश्या नळीत बसवतानाच दगावल्या. त्या सहा काकांनी एका बशीत ओळीने मांडून ठेवल्या. नंतर माझा हात सुधारला.

पहिली माशी नुसत्या वासाला जीभ काढती झाली तेव्हा काकू तिच्यापुढे वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. “हे एवढं डोकं, राईएवढं पण नसेल, आणि तीनदा सांगितलेलं कळतं? आमच्या जावयाला तीस वेळा सांगावं लागतं.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “जीभ मात्र तोही वेळेवर काढतो.” काका हसले. दोन महिन्यांत ते पहिल्यांदा हसले असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

एक तासाने लाल आणि निळा सारखेच. तुझ्या निबंधात आहे तसेच. ते खोटं नव्हतं.

चोवीस तासांनी लाल दोऱ्याच्या साठातल्या अठ्ठावन्न जिवंत होत्या आणि त्यातल्या त्रेचाळीस जणींना वास आठवला. निळ्या दोऱ्याच्या पंचावन्न जिवंत होत्या. आठवलं चौदा जणींना. पेटीचं तापमान काकांनी दर दोन तासांनी लिहिलंय, कुठेही एक अंशापेक्षा जास्त हललेलं नाही.

काकूंनी कागद उघडला. निळा म्हणजे औषध.

मला वाटलं होतं, त्या क्षणी मला आनंद होईल. निदान ‘बघ, मी म्हणत होते’ असं तरी वाटेल. तसं काही झालं नाही. काका उठून बाहेर गेले आणि रिकाम्या अडतीस पेट्यांच्या ढिगापाशी उभे राहिले. मला कळलं की खरं काय हे चार दिवसांत, एका शेडमध्ये, कोंबड्यांच्या पेटीत कळण्यासारखं होतं. तुझ्याकडे पाच आठवडे आणि अख्खी इमारत होती. माझ्याकडे दोन वर्षं आणि एक तोंड होतं.

सोबत नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलेल्या पत्राची प्रत आहे. पहिल्या परिच्छेदात जुन्या निबंधातून काय वगळलं ते आहे. दुसऱ्यात नवे आकडे. तिसऱ्यात इन्क्युबेटरचं दार माझ्याकडून उघडं राहिलं आणि विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं, हे आहे. चौथ्यात तुला नोंदपट्टी माहीत होती, हे आहे. निबंध मागे घ्यावा अशी विनंती शेवटी केलीय.

आठ दिवस थांबते. तुला सही करायची असेल तर कर. नसेल तर पत्र माझ्या एकटीच्या सहीने जाईल. धमकी समजायची तर खुशाल समज.


२६ मे

ताई,

तू परत गेल्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण आज तुझं पाकीट आलं आणि ते जमणार नाही असं दिसलं.

आधी जे तोंडावर बोलता आलं नाही ते.

सातव्या दिवशी तू शेडच्या दारात येऊन उभी राहशील असं मला वाटलं नव्हतं. वकिलाचं पत्र येईल असं वाटलं होतं. तू पिशवी खाली ठेवलीस आणि काकांना नमस्कार केलास. त्यांनी तो घेतला नाही. त्यांनी तुला विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

तू म्हणालीस, “शंका होती.”

“शंका होती तर मला एक फोन करायचा. मी पेट्या हलवल्याच नसत्या. मला कुठे पक्का पुरावा हवा होता? मला नुसती शंका पुरली असती.”

तू खाली बघितलंस. तुला खाली बघताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मला बरं वाटायला हवं होतं. उलट त्यांच्यावरच राग आला, की माझ्या ताईला असं कोणी बोलायचं नाही. लगेच स्वतःचाच राग आला. माझं डोकं कसं चालतं ते मला कळत नाही.

मग तू माझी वही उघडलीस आणि म्हणालीस, “साठ पुरत नाहीत. अजून चाळीस-चाळीस करू. मी बसवते, तू वास दे.” काकू स्टूल घेऊन आल्या. दोऱ्यांचे रंग त्यांनी नव्याने ठरवले, तुझ्यावरही विश्वास ठेवायचा नाही म्हणून.

तू ऐंशी माश्या नळ्यांत बसवल्यास आणि एकही दगावली नाही. ते बघताना मला प्रयोगशाळेतला माझा तो पहिला आठवडा दिसत होता, तू माझं मनगट धरून शिकवलं होतंस तो. म्हणून मी तुझ्याकडे बघत नव्हते. तुला वाटलं असेल, अजून रुसलीय.

दुसऱ्या दिवशी तापमान लिहिताना मी तुला विचारलं, तेव्हाच का नाही केलंस हे. तू आधी म्हणालीस, “चार माणसांसमोर तुला खोटारडी ठरवायला हवं होतं का मी?” मी म्हटलं, हो. तू म्हणालीस, “तुझं आयुष्य उठलं असतं.” मी म्हटलं, “आणि काकांचं?” मग तू बराच वेळ नळ्या सरळ करत बसलीस, सरळ असलेल्याच. आणि म्हणालीस, “बारके, खरं सांगू? ती रेघ बघितली आणि मला हायसं वाटलं. ते आकडे मला नकोच होते. तू मला निमित्त दिलंस.”

हे तू बोललीस म्हणून पुढे तुझ्याशी जेवताना दोन शब्द बोलले. नाहीतर बोलणार नव्हते.

साध्या साखरपाण्यावरच्या चाळिसातल्या एकोणचाळीस जिवंत, एकोणतीस जणींना आठवलं. औषधवाल्या सदतीस जिवंत, आठवलं आठ जणींना. तू कागदावर सही केलीस आणि म्हणालीस, पत्र मी नीट टाईप करून पाठवते, भाषा जरा तापलेली आहे. मी हो म्हटलं. ही माझी चूक.

आज तुझी टाईप केलेली प्रत आली. भाषा खरंच छान थंड केलीस. तुझ्याबद्दलचा परिच्छेद तू माझ्यापेक्षा कडक लिहिलायस. ‘मुख्य लेखिकेने सोयीस्कर निष्कर्ष निवडला’ असं मी लिहिलं नसतं. विभागप्रमुखपद सोडत असल्याचंही त्यात आहे. ते मला या कागदावरून कळलं, आणि काकूंना ते तू जातानाच सांगितलं होतंस. ठीक आहे. काकू विश्वासाच्या आहेत.

पण तिसरा परिच्छेद गेला. दार, माझं खोटं, सगळं गेलं. त्या जागी एक ओळ आहे: ‘तांत्रिक बिघाडामुळे तापमानात घट झाली.’

ताई, तो तांत्रिक बिघाड म्हणजे मी.

सहावीतल्या मुलीचा निबंध नाही हा. तू पुन्हा माझ्या जागी लिहिलंस, पुन्हा न विचारता, पुन्हा माझ्या भल्यासाठी. गेल्या वेळी तुझ्या अशाच एका चांगुलपणामुळे अडतीस पेट्या रिकाम्या झाल्या. तुला खरंच दिसत नाही का हे? सगळा दोष स्वतःवर घेतला की तू मोठी होतेस आणि मी पुन्हा तुझ्या बोटाला धरून चालणारी होते. मला तुझ्या शेजारी उभं राहायचंय, तुझ्या मागे नाही. आरोपींच्या रांगेत असेना का.

तेव्हा केलंय ते सांगते. तुझी सही असलेलं पान तसंच ठेवलं. आधीच्या पानावरची ती एक ओळ खोडली आणि माझा परिच्छेद हाताने लिहून काढला, शेजारी माझी सही आणि तारीख. गिचमिड दिसतं. संपादकांना वाचायला त्रास होईल, होऊ दे. काकांना वाचून दाखवला. त्यांनी ‘खोटं सांगितलं’ या शब्दांपाशी मला थांबवलं आणि म्हणाले, “आणि मलाही. ते लिही.” मी तेही लिहिलं.

दुपारी पोस्टात जाऊन रजिस्टर करून टाकलं. पावती माझ्याजवळ आहे. तुला हे कळवतेय, परवानगी मागत नाही.

संपादकांच्या उत्तरासाठी पत्ता इथला दिलाय, शाळेचा. उत्तर दोघींच्या नावावर येईल. ते मी फोडीन, आणि तुला फोनवर अक्षरन् अक्षर वाचून दाखवीन, वाईट असेल तेही. तेवढा एक फोन उचल.